मोकळ्यावरच्या मांजरांची देखभाल करणाऱ्यांना साथ कशी द्यावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतींच्या आवारात, गोदामांच्या मागे, रुग्णालयांच्या आणि महाविद्यालयांच्या परिसरात मांजरं गटानं राहतात. अशा बऱ्याच गटांमागे रोज ठरलेल्या वेळी येणारं एखादं माणूस असतं. मांजरांना काय हवं याबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण त्या माणसाला काय हवं हे फारसं कुणी विचारत नाही. तो आजारी पडला, खर्चानं मेटाकुटीला आला किंवा भांडणांना विटून बाजूला झाला, की वर्षानुवर्षं बसवलेली घडी बघता बघता विस्कटते. म्हणून खालचे प्रश्न मांजरांइतकेच माणसांबद्दलही आहेत.

ही सगळी मांजरं कुणीतरी घरी नेऊन पाळू शकत नाही का?

काही मांजरं नेता येतात, सगळी नाही. जिथे खाणं आणि आडोसा खात्रीनं मिळतो तिथे मांजरं जमतात. गटाचा कणा म्हणजे बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या माद्या. त्या एकमेकींच्या पिल्लांनाही पाजतात. बोक्यांची हद्द मोठी असते, ते येऊन-जाऊन असतात.

यातल्या काहींना कधीकाळी घर होतं. कुणीतरी सोडून दिलेली ही मांजरं पायात घोटाळतात, हात लावू देतात. त्यांच्यासाठी घर शोधलंच पाहिजे. बाकीची बाहेर जन्मलेली असतात. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात पिल्लाला माणसाचा हात, आवाज आणि वास ओळखीचा झाला नाही, तर पुढे ती भीती सहसा जात नाही. अशा मोठ्या मांजराला दया म्हणून घरात कोंडलं तर ते महिनोन्महिने पलंगाखाली दडून बसतं. त्याचं भलं त्याच्या ओळखीच्या जागेतच आहे. फक्त तिथे त्याची नसबंदी आणि लसीकरण झालेलं असावं, आणि त्याच्यावर रोज कुणाचं तरी लक्ष असावं.

मी रोज खाणं घालते. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. मादी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा, एका वेतात साधारण चार पिल्लं, आणि वर्षाला दोन-तीन वेतं सहज होतात. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते. नसबंदीशिवाय नुसतं खाणं घातलं, तर आजच्या चार मांजरांची भूक भागते आणि वर्षभरात तुमच्यासमोर कितीतरी जास्त भुकेली तोंडं उभी राहतात.

त्यातली बहुतेक पिल्लं जगतही नाहीत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मोकळ्यावरच्या १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्लं सहा महिन्यांची व्हायच्या आत मेली किंवा दिसेनाशी झाली. ही मेलेली पिल्लं सकाळी उचलावी लागतात ती खाणं घालणाऱ्यालाच. स्वयंसेवक खचतात त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि ते नसबंदीनं टळू शकतं. तुम्ही घालत असलेल्या खाण्याला नक्कीच किंमत आहे. त्या खाण्यामुळेच मांजरं ठरलेल्या वेळी येतात आणि म्हणून पकडता येतात.

‘पकडा, नसबंदी करा, परत सोडा’ यानं संख्या खरंच कमी होते का?

काम नेटानं आणि पुरतं झालं तर होते. अर्धवट झालं तर होत नाही. दहापैकी तीन माद्या राहिल्या तरी त्या वर्षभरात कसर भरून काढतात. म्हणून इकडून दोन, तिकडून तीन असं न करता एक गट हाती घ्यावा, तो जवळजवळ पूर्ण करावा आणि मगच पुढच्याकडे वळावं, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या परिसरात १९९१ ते २००२ अशी अकरा वर्षं हे काम झालं आणि त्याची नोंद ठेवली गेली. एकूण १५५ मांजरं नोंदवली गेली. १९९५ नंतर तिथे पिल्लं जन्मल्याचं आढळलं नाही. १९९६ मध्ये सगळ्या मांजरांची गणती झाली तेव्हा ६८ होती, २००२ अखेर २३ उरली. या आकड्यांकडे पाहताना दोन गोष्टी निसटू देऊ नका. एक तर जवळजवळ निम्म्या मांजरांना घरं मिळाली होती, म्हणजे घट केवळ शस्त्रक्रियेनं झालेली नाही. शिवाय नवी मांजरं येतच होती, ती वेळीच ओळखून पकडली गेली. परिसरात नवं मांजर आलं हे सर्वांत आधी कुणाला कळतं? रोज खाणं घालणाऱ्याला. तो माणूस टिकला म्हणून हे काम टिकलं.

नसबंदी झालेलं मांजर लांबून ओळखता यावं म्हणून भूल उतरण्याआधीच त्याच्या एका कानाचं टोक, बहुतेक ठिकाणी डाव्या, साधारण एक सेंटीमीटर सरळ कापतात. हे बघून अनेकांना वाईट वाटतं. पण ही खूण नसेल तर त्याच मांजरीला पुन्हा पकडलं जातं, पुन्हा भूल दिली जाते, कधी कधी तर पोटही पुन्हा उघडलं जातं.

मला मांजरांची ॲलर्जी आहे, पकडायचं धाडसही नाही. मी काय करू शकतो?

खरं तर अशाच माणसांची सर्वांत जास्त वानवा असते. खाणं घालायला लोक पुढे येतात. त्यामागची कामं मात्र एकाच माणसाच्या अंगावर पडतात.

दवाखान्यात वेळ ठरवणं, तिथून आलेला फोन उचलणं, पहाटे पिंजरे गाडीत घालून पोचवणं आणि संध्याकाळी परत आणणं. मळके टॉवेल आणि पिंजऱ्यावरची कापडं धुणं. कुठल्या मांजराची नसबंदी कधी झाली, लस कधी दिली, कोण किती दिवसांपासून दिसलेलं नाही, याचा तक्ता अद्ययावत ठेवणं. पिल्लांचे चांगले फोटो काढून त्यांच्याबद्दल खरी माहिती लिहिणं, विचारणा करणाऱ्यांशी बोलणं, घर बघून येणं. देणगीचा हिशेब ठेवणं. आवाराच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिणं. यातल्या एकाही कामात मांजराला हात लावावा लागत नाही.

मदत देऊ करताना एक पथ्य पाळा. “काही लागलं तर सांगा” असं म्हणू नका. दमलेल्या माणसाला काय लागतं ते आठवून, योग्य माणूस निवडून आणि संकोच गिळून मागणं हे आणखी एक काम होऊन बसतं. त्याऐवजी “दर मंगळवारची सकाळ मी घेतो” किंवा “गुरुवारी गाडी माझी, दोन पिंजरे मावतील” असं नेमकं सांगा. मग ते पाळा. अधूनमधून उत्साहानं येणाऱ्या पाचजणांपेक्षा ठरल्या दिवशी न चुकता येणारा एकजण जास्त उपयोगी पडतो.

खाण्याची पोती द्यावीत की पैसे?

आधी विचारा. अनेकदा घरी खाण्याची पोती पडून असतात आणि शस्त्रक्रियेचे पैसे थकलेले असतात. गटाच्या वाढीला आळा घालणारा खर्च म्हणजे नसबंदी. म्हणून पैसे त्यासाठी देणं सर्वांत फलदायी. शक्य असेल तर ते थेट दवाखान्याच्या खात्यात, त्या गटाच्या नावे जमा करा. देणाऱ्याला खात्री वाटते आणि घेणाऱ्यावर संशयाचं ओझं येत नाही. पैशांचा संशय हा स्वयंसेवकांच्या गटांना लागणारा सर्वांत वाईट रोग आहे. त्यामुळे रक्कम लहान असली तरी जमा-खर्च लिहावा, पावत्यांचे फोटो सगळ्यांना दिसतील असे ठेवावेत, आणि पैसे सांभाळणारा व खर्च करणारा अशी दोन वेगळी माणसं असावीत.

वस्तूच द्यायच्या असतील तर पिंजरे, जाड हातमोजे, जुने टॉवेल, वर्तमानपत्रं, झाकणाचे डबे आणि धुता येतील अशा ताटल्या द्या. पिंजरे कुणा एकाच्या मालकीचे असण्यापेक्षा दोन-तीन गटांत मिळून फिरते ठेवावेत.

देखभाल करणाऱ्याला सुट्टी कशी मिळणार? मांजरं तर रोज येतात.

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं एकही दिवस न चुकवणाऱ्या माणसांचं कौतुक होतं. त्या कौतुकामुळेच त्यांना थांबता येत नाही. ताप अंगावर काढून, घरचं कार्य अर्धवट सोडून, अंधारात एकटं जाऊन खाणं घालणं याचा आदर्श उभा करू नये.

प्रत्येक गटासाठी किमान दोन माणसं असावीत, आणि दुसऱ्या माणसानं आठवड्यातला एखादा दिवस नेहमीच घ्यावा. तो फक्त अडीनडीला येत असेल तर मांजरं त्याला ओळखत नाहीत, लपून बसतात, आणि त्यालाही कोण आलं, कोण नाही हे समजत नाही.

त्याच्यासाठी एक वही करा. त्यात प्रत्येक मांजराचा फोटो, नाव, रंगखुणा, नर की मादी, नसबंदीची आणि लशीची तारीख, स्वभावातली एखादी खोड (“गाडीखालूनच खाते”, “काळ्या बोक्यासोबत ताटली ठेवू नये”) लिहा. खाणं कुठे आणि किती ठेवायचं, पाणी कुठून भरायचं, कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, कुठल्या शेजाऱ्याशी जपून बोलायचं आणि कुणाची मदत होते, तेही लिहा. पशुवैद्यकाचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक पहिल्याच पानावर हवा. हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो माणूस रुग्णालयात दाखल झाला त्या दिवशी गटाची सगळी माहितीही त्याच्याबरोबर जाते.

खाणं घालण्याची चांगली पद्धत कोणती?

जागा एक, वेळ एक, शक्यतो उजेडात. अर्ध्या तासानं उरलेलं उचलावं, ताटल्या न्याव्यात, जागा पुसून घ्यावी. रात्रभर पडलेल्या खाण्यावर उंदीर, मुंग्या आणि तक्रारी जमतात. पाणी मात्र कायम असावं. दूध देऊ नये. मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही, जुलाब होतात, आणि आईविना पिल्लांना गाईचं दूध पुरत नाही. त्यांच्यासाठी मांजरीच्या पिल्लांचं वेगळं दूध पशुवैद्यकाला विचारून आणावं. कच्चं कोंबडीचं मांस आणि मेलेले पक्षी यांपासून मांजरांना लांब ठेवा, कारण एच५एन१ बर्ड फ्लू मांजरांना होतो आणि त्यात ती मरतात. २०२३ च्या जूनमध्ये पोलंडमध्ये अनेक मांजरं त्यानं दगावली.

पकडायच्या दिवसाची तयारी कशी करावी?

आधी दवाखान्याची वेळ नक्की करा, मग पिंजरा लावा. उलटं केलं की पकडलेलं मांजर घेऊन दारोदार फिरायची पाळी येते.

काही दिवस आधीपासून पिंजरे दार बांधून उघडे ठेवा आणि त्यांच्यातच खाणं घाला. मांजरं बिचकेनाशी होतात. आदल्या दिवशी खाणं बंद करा, पाणी चालू ठेवा. खाणं घालणाऱ्या सगळ्यांना हे कळवणं अत्यावश्यक आहे. एकानं जरी माया येऊन ताटली ठेवली तर भरल्या पोटाची मांजरं पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत, आणि फिरकली तरी भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं असतं. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र, मागच्या टोकाला उग्र वासाचं ओलं खाणं. लावलेला पिंजरा नजरेआड ठेवू नये. मांजर अडकल्या क्षणी पूर्ण पिंजऱ्यावर कापड टाका. अंधार झाला की त्याची धडपड थांबते.

मादीचे सड भरलेले दिसले तर आधी पिल्लं शोधा. ती सापडत नसतील तर तिला जास्त वेळ अडकवून ठेवता येणार नाही, हे डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेनं दूध आटत नाही, ती परत जाऊन पिल्लांना पाजू शकते.

पिंजऱ्याला कधीच न फसणारी एखादी चाणाक्ष मादी प्रत्येक गटात असते. तिच्यासाठी दोरी ओढून वरून पाडायचा मोठा पिंजरा वापरतात, आणि ते काम अनुभवी माणसाकडेच द्यावं.

शस्त्रक्रियेनंतर मांजर कुठे ठेवायचं?

बंद, कोरड्या, उबदार आणि शांत खोलीत, पिंजऱ्यातच, वर कापड टाकून. भुलीनंतर काही तास शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही, म्हणून थंड फरशीवर पिंजरा ठेवू नका. पूर्ण शुद्धीवर आल्यावर पाणी आणि थोडं खाणं. बोका साधारण दुसऱ्या दिवशी सोडता येतो, मादीला एक-दोन दिवस ठेवावं, अंगावर पिल्लं असतील तर पूर्ण जाग आल्यावर लवकर सोडावं. रक्त येत राहणं, टाका उघडणं, शुद्ध न येणं, वारंवार उलटी होणं यातलं काहीही दिसलं तर तडक डॉक्टरांकडे जा. टाके विरघळणारे घालावेत, हे आधीच ठरवून घ्या. रेबीजची आणि शक्य असेल तर तीन प्रमुख विषाणूंविरुद्धची एकत्रित लस त्याच भुलीत देऊन घ्यावी. पुन्हा हाताशी लागण्याची खात्री नसते.

ज्यांच्याकडे एक रिकामी खोली किंवा गाडी ठेवायची बंद जागा आहे, त्यांनी ती महिन्यातून दोन रात्री दिली तरी कामाचा वेग बदलतो. पुष्कळदा शस्त्रक्रियेची सोय असते आणि काम अडतं ते या दोन रात्रींसाठी.

मांजर चावलं किंवा बोचकारलं तर?

लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जिथे रेबीज आहे तिथे “बघू दोन दिवस” हा पर्याय नाही. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर घेतलेली लस त्यापासून वाचवते. नियमित पिंजरे लावणाऱ्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवावी. चावा बसल्यावरही डोस लागतात, पण कमी.

रेबीजखेरीजही मांजराचा चावा फसवा असतो. दात सुईसारखे बारीक, त्यामुळे वरून फक्त दोन ठिपके दिसतात आणि आत जिवाणू खोलवर पोचलेले असतात. हाताच्या सांध्याजवळ चावा असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत हात सुजून हालचाल थांबू शकते. तेव्हा प्रतिजैविकाचा निर्णय घरी घेऊ नका.

स्वयंसेवकांना पाठवणाऱ्या संस्थेनं त्यांचा या उपचारांचा खर्च उचललाच पाहिजे. ज्याच्याकडून धोक्याचं काम करून घेता, त्याला स्वतःच्या खिशातून लस घ्यायला लावणं अन्याय आहे.

गरोदर स्वयंसेविकेनं काम थांबवावं का?

थांबवायची गरज नाही. विष्ठा साफ करणं आणि मातीत हात घालणं दुसऱ्याला द्यावं, तेच करावं लागलं तर हातमोजे घालून, आणि नंतर हात साबणानं धुवावेत. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी ताज्या विष्ठेतून लगेच लागत नाही, तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस जातात. म्हणून रोजच्या रोज सफाई महत्त्वाची. पकडण्याच्या कामापासूनही या काळात दूर राहणं बरं.

घरातली औषधं देऊ का?

नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिन असलेले पिसवांचे थेंब मांजरांसाठी विषारी आहेत. आयबुप्रोफेनही तसंच.

शेजारी भांडतात, धमक्या देतात. काय करावं?

एकट्यानं तोंड देऊ नका. मदत करू इच्छिणाऱ्यांनी इथे फक्त शेजारी उभं राहिलं तरी फरक पडतो, कारण एकट्या बाईवर ओरडणारा माणूस चारजणांसमोर आवाज खाली आणतो.

तक्रार मात्र खरी मानून ऐका. बोक्यांच्या मुताचा वास, रात्रीचं भांडण आणि ओरडणं, कुंड्यांत केलेली घाण, गाडीच्या टपावरचे ओरखडे यांचा खरोखरच त्रास होतो. यातल्या बऱ्याच गोष्टी नसबंदीनंतर काही आठवड्यांत कमी होतात. तारीख सांगून तेवढा अवधी मागून घ्या. कुंड्यांवर खडी किंवा जाळी, आवाराच्या कडेला वाळूची एक जागा करून तिची रोज सफाई, गाड्यांवर आच्छादन, खाण्याची जागा दारांपासून लांब हलवणं, असे उपाय तुम्ही स्वतः करून दिले तर शब्दांपेक्षा जास्त पटतं. किती मांजरांची नसबंदी झाली आणि किती राहिली याचा कागद बैठकीत ठेवा. ज्याला मांजरं आवडत नाहीत त्यालाही त्यांची संख्या कमीच हवी आहे. तुमचा आणि त्याचा हेतू इथे एकच आहे.

धमकी, मारहाण किंवा विषप्रयोग झाला तर तारीख-वेळ लिहून ठेवा, फोटो घ्या आणि तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे लेखी तक्रार करा. कायद्याचा आधार नसेल तर तो मागायला हवा. इटलीनं १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्यानं मोकळ्यावरच्या मांजरांना छळण्यास मनाई केली, सरकारी पशुवैद्यकीय सेवेनं त्यांची नसबंदी करून त्यांना त्याच गटात सोडावं असं ठरवलं, आणि प्राणिसंस्थांना गटांची देखभाल करण्याची मुभा दिली. खाणं घालणाऱ्याला चोरासारखं वागावं लागू नये, ही मागणी अवाजवी नाही.

सगळी मांजरं लांब नेऊन सोडली तर प्रश्न मिटेल ना?

मिटत नाही. खाणं आणि आडोसा तसाच असेल तर रिकाम्या जागेत आसपासची नसबंदी न झालेली मांजरं शिरतात. नेऊन सोडलेली मांजरं परतीच्या वाटेवर गाड्यांखाली येतात किंवा अनोळखी हद्दीत उपाशी राहतात. इमारत पाडली जात असेल किंवा जीवाला धोका असेल तेव्हाच स्थलांतर करावं. त्यासाठी नव्या जागी मोठ्या बंदिस्त पिंजऱ्यात दोन-तीन आठवडे ठेवून, तिथेच खाणं घालून सवय करावी लागते, आणि त्या काळात व नंतरही लक्ष द्यायला माणूस लागतो.

पक्ष्यांचं काय? मांजरं त्यांना मारतात.

मारतात. हे नाकारणाऱ्या स्वयंसेवकांशी आम्ही सहमत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत मांजरं दरवर्षी १.३ ते ४ अब्ज पक्षी मारत असल्याचा अंदाज होता, आणि त्यात मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा होता. न्यूझीलंडमधल्या स्टीफन्स बेटावरचा छोटा, न उडणारा रेन पक्षी १८९० च्या दशकात तिथे दीपगृह आणि त्याबरोबर मांजरं आल्यावर थोड्याच वर्षांत नाहीसा झाला.

त्यामुळे बेटं, पाणथळ जागा, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा परिसर इथे नवा गट वसू देऊ नये, खाणं घालू नये. असलेल्या मांजरांना घरी किंवा बंदिस्त निवाऱ्यात हलवण्यासाठी पक्षिप्रेमींसोबत बसावं. दाट वस्तीत गट कमी करत नेणं हेच पक्ष्यांच्याही फायद्याचं. पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही, हा समज खरा नाही.

आमची एक सहकारी हल्ली चिडते, रडते, फोन उचलत नाही. तिला काय झालंय?

कदाचित ती इतरांच्या दुःखाचा भार वाहून थकली आहे. पशुवैद्यक, परिचारिका आणि प्राण्यांसाठी काम करणारे यांच्यात हे वारंवार दिसतं. झोप उडते, एक मांजर दोन दिवस दिसलं नाही तरी जीव कासावीस होतो, माणसांचा राग येतो, आणि थांबलं तर अपराधी वाटतं.

तिला “एवढं मनाला लावून घेऊ नकोस” असं सांगू नका. तिच्या हातातलं एक काम काढून घ्या. फोन ही बहुधा पहिली काढून घ्यायची गोष्ट, कारण दिवसरात्र अनोळखी लोक जखमी मांजरांचे फोटो पाठवत असतात. दयामरणाचा निर्णय कधीही एकटीवर सोडू नका. डॉक्टर, ती आणि आणखी एकजण मिळून ठरवा, आणि दवाखान्यात तिच्याबरोबर जा. मांजर गेलं तर दोन शब्द बोला. बाहेरच्या मांजराचा शोक करायला लोक हसतात, म्हणून ती गप्प राहते. झोप आणि जेवण महिनाभर बिघडलेलं असेल तर मानसोपचार घ्यायला सुचवा आणि पहिल्या भेटीला सोबत करा.

“आता आणखी मांजरं घेणार नाही” असं कुणी म्हटलं तर त्याला साथ द्या. एका माणसाला झेपतील तेवढीच मांजरं, ही मर्यादा पाळणारे लोक दहा वर्षांनीही या कामात दिसतात.

एका ओळखीच्या व्यक्तीनं घरात फार मांजरं ठेवली आहेत. ती आजारी दिसतात. तक्रार करावी का?

आधी भेटा, दारातून न परतता. बऱ्याचदा “तुम्ही प्राणिप्रेमी ना, घ्या हे पिल्लू” म्हणत लोकांनीच ते घर भरलेलं असतं. नसबंदी करून देणं, काही मांजरांना घरं मिळवून देणं, नवीन येणं थांबवणं, याची तयारी असेल तर मिळून काम करता येतं. मांजरं मरत असतील, घाणीमुळे त्या व्यक्तीचीही तब्येत ढासळत असेल आणि ती कुणालाच आत घेत नसेल, तर प्राणिसंस्था आणि तिच्या घरचे दोघांनाही कळवावं. तिची थट्टा किंवा फोटोंची जाहिरात करू नये.

देखभाल करणारी व्यक्ती वारली किंवा कायमची दुसरीकडे गेली तर?

दुसरा माणूस आणि वही असेल तर गट तगतो. नसेल तर शेजाऱ्यांना विचारून जुनी वेळ आणि जागा शोधून काढा आणि तीच चालू ठेवा. सोय, खाणं किंवा भांडी सुधारायची घाई करू नका. त्या व्यक्तीच्या घरच्यांकडे पिंजरे, नोंदी आणि दवाखान्याची कागदपत्रं मागताना थोडे दिवस थांबा, पण फार नको. जुन्या वस्तू लवकर टाकून दिल्या जातात.

पहिले काही दिवस काही मांजरं येणारच नाहीत. ताटल्या ठेवून पाच-सात पावलं मागे सरका, तिथेच उभे राहा, निघून जाऊ नका. कोण आलं, कुणाचा कान कापलेला आहे, कुणाचा नाही, हे रोज लिहा. पंधरा दिवसांत निम्मी-अधिक यादी तयार होते. त्यातली न कापलेल्या कानाची मादी दिसली की तिच्यासाठी दवाखान्याची वेळ घ्या.